दादरपर्यंत येऊन वर्गात न जाणारा मुलगा

पत्राचा सारांश: पत्रलेखक १९ वर्षांचा आहे. राहायला अंबरनाथला, कॉलेज दादरला, एसवाय बीकॉम. पहिलं लेक्चर सकाळी ७.१० ला, म्हणून साडेपाचच्या सुमाराची लोकल पकडतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कॉमर्सला ७८ टक्के. एफवायला दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, त्यातली एक सुटली. त्याचं म्हणणं असं, की सर पीपीटी वाचून दाखवतात, तेच यूट्यूबवर हिंदीत पंधरा मिनिटांत जास्त चांगलं समजतं; मग रोज जाऊन-येऊन अडीच तास प्रवास करून वर्गात बसायचं कशाला? आता डिफॉल्टरच्या, म्हणजे हजेरी ७५ टक्क्यांखाली असलेल्यांच्या, यादीत नाव लागलं आहे. १२० लेक्चर झाली, तो ५० ला होता, म्हणजे ४२ टक्के. सत्रातली ८० अजून व्हायची आहेत. कॉलेजने पालकांना घेऊन यायला सांगितलंय. घरी पत्ता नाही, कारण तो रोज वेळेवर डबा घेऊन निघतो. फक्त वर्गाऐवजी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नाहीतर स्टेशनवर बसतो आणि दुपारी परत येतो. एक मित्र पाचशे रुपयांत मेडिकल सर्टिफिकेट आणून देतो म्हणतोय. त्याचे प्रश्न दोन: सर्टिफिकेट लावू का? आणि ७५ टक्क्यांची सक्ती मुळातच चुकीची नाही का? पत्राच्या तळाशी, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे: “आता गेलो तरी वर्गात मला कोणी ओळखत नाही.”

उत्तर:

सर्टिफिकेटचं आधी उरकू, कारण ते सोपं आहे. लावू नकोस.

मी एकतीस वर्षं मुंबईतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली सहा वर्षं हजेरी समितीवर काढली. एका वर्षी एकाच आठवड्यात आमच्याकडे टायफॉइडची अकरा सर्टिफिकेटं आली. डॉक्टर एकच, शाई एकच, आणि अकराही जण एकाच तारखेला आजारी पडून एकाच तारखेला ठणठणीत. दवाखाना कल्याणला, रुग्णांपैकी चौघं बोरिवलीचे. आम्ही पोट धरून हसलो खरे, पण नंतर कोणालाच हसू येईना. नुसती हजेरी कमी असलेल्या मुलासाठी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडता येतं. खोटा कागद फायलीला लागलेल्या मुलासाठी तोंड उघडता येत नाही. पाचशे रुपये खिशात ठेव.

आता तुझा हिशोब. आकडे तू दिलेस, पण बेरीज गाळलीस. उरलेल्या ८० च्या ८० लेक्चरना बसलास तरी २०० पैकी १३० होतात, म्हणजे ६५ टक्के. ७५ साठी १५० लागतात. तेव्हा या सत्रात पंचाहत्तरी गाठणं तुझ्या हातातून गेलंय. हे स्पष्ट सांगते, कारण बरीच मुलं नेमकी इथे “आता काय उपयोग” म्हणून उरलेल्या लेक्चरवरही पाणी सोडतात आणि सत्राच्या शेवटी २५ टक्के घेऊन समितीपुढे उभी राहतात. योग्य कारण असेल तर काही सूट देण्याचा अधिकार कॉलेजकडे असतो. तो कुणासाठी वापरायचा हे ठरवताना आम्ही काय बघायचो, तर यादी लागल्यानंतरचे दिवस. ४२ वरून ६५ वर आलेला मुलगा आणि ४२ वरून २५ वर घसरलेला मुलगा सारखाच अर्ज लिहितात, अगदी “यापुढे असे होणार नाही”सकट. पण एकाचं मस्टर त्याच्या बाजूने बोलत असतं.

यूट्यूबचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे फार चांगलं शिकवणारे लोक आहेत, आणि मी पाहिलेल्या काही जणांपुढे आम्ही पगारी प्राध्यापक फिके पडतो. पण तुझी तुलना चुकते आहे. एफवायला ‘संधी खर्च’ शिकला असशील. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी हातची सोडावी लागलेली दुसरी गोष्ट. तू कंटाळवाण्या लेक्चरसमोर यूट्यूबवरचा उत्तमातला उत्तम व्हिडिओ ठेवतोस. ठेवायला हवं ते वेगळंच: लेक्चर सोडून त्या वेळात तू जे खरोखर केलंस ते. सकाळी सव्वासात ते साडेअकरा, कट्ट्यावर. त्यातला किती वेळ अकाउंट्सचा होता? किती व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेस, कितींदा पेन हातात होतं आणि गणित आधी स्वतः सोडवून मग पुढे दाबलंस? मला उत्तर कळवू नकोस. तुझी एक केटी अजून सुटायची आहे, त्यावरून मी अंदाज करू शकते.

आणि प्रवासाचं कारण तर तू स्वतःच खोडून काढलं आहेस. प्रवास वाचावा म्हणून तू जात नाहीस असं म्हणावं, तर प्रवास तू करतोसच की! बदलापूरहून भरून आलेल्या गाडीत चढतोस, चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकून ठाणं गाठतोस, दादरला लोंढ्याबरोबर उतरतोस. खिशातला पास कॉलेजच्या शिक्क्याच्या कन्सेशनवर निम्म्या दरात काढलेला. एवढं सगळं करून शेवटची दहा मिनिटं तेवढी चालत नाहीस. बाजारात जाऊन, पैसे मोजून, पिशवी दुकानातच ठेवून यावी तसं झालं हे. तेव्हा खरं कारण लोकलमध्ये नाही, त्या शेवटच्या दहा मिनिटांत कुठेतरी आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मराठी माध्यम, हिंदीतले व्हिडिओ आणि ती तळाची ओळ. पुढचा सगळा माझा अंदाज आहे. चुकला तर सोडून दे. एफवायच्या पहिल्या महिन्यात तू नेमाने जात असशील. सर इंग्रजीत बोलत होते, निम्मं डोक्यावरून जात होतं. “एनी डाउट्स?” म्हटल्यावर पुढच्या दोन बाकांवरची पोरं टकाटक बोलायची, आणि तू बाकाखाली बघायचास. मग एक दिवस लोकल लेट झाली आणि लेक्चर बुडलं. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा धागाच सापडेना. मग आणखी एक बुडलं. न गेल्यामुळे कळत नाही, कळत नाही म्हणून जावंसं वाटत नाही, आणि जात नाही म्हणून कोणी ओळखत नाही. बंक मारणाऱ्यांना आम्ही उडाणटप्पू समजतो, पण समितीवर मला भेटलेली निम्मी मुलं तशी नव्हतीच. ती लाजलेली होती. लाज जुनी झाली की तिला “लेक्चर बोअर असतात” हे नाव मिळतं, आणि ते नाव चारचौघांत सांगायला बरं असतं.

हे मला कसं कळतं म्हणशील, तर मीही चिपळूणजवळच्या मराठी शाळेतून मुंबईच्या कॉलेजात आलेली. वर्गात बाई आठवडाभर ‘इलॅस्टिसिटी’ शिकवत होत्या आणि मी आठवडाभर रबराचा विचार करत होते. शनिवारी उमगलं, की ही तर आपली मागणीची लवचिकता! हे मला येत होतं. मग मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लागले: डावीकडे बाईंचा इंग्रजी शब्द, उजवीकडे माझा मराठी. दिवाळीपर्यंत उजवी बाजू रिकामी राहायला लागली. तुझं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाचे वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे परिभाषा कोश आहेत, ते इंटरनेटवर फुकट बघता येतात. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा आणि बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद हे एकदा डोक्यात बसलं, की सरांचं इंग्रजी निम्म्याने सोपं होतं. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा आहे का, हेही ऑफिसात विचारून ठेव. लिहायची की नाही ते नंतर ठरव.

वर्गात असं काय मिळतं जे मोबाइलवर मिळत नाही? एक प्रसंग सांगते. आमच्याकडे बिझनेस लॉ शिकवणारे एक सहकारी होते. त्यांच्या तासाला मी एकदा मागे जाऊन बसले. विषय १८७२ चा करार कायदा, अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्याने, केलेला करार. त्यांनी १९०३ चा मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा खटला सांगितला: असा करार मुळातच रद्दबातल. इथपर्यंतचं कुठल्याही व्हिडिओत आहे. मग मागून एक मुलगा म्हणाला, “सर, मग माझा भाऊ सतरा वर्षांचा आहे. त्याने कॅन्टीनमध्ये उधारीवर खाल्लेल्या वडापावचे पैसे बुडाले का?” वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “छान प्रश्न. वडापाव ही जीवनावश्यक वस्तू आहे का?” पुढची वीस मिनिटं कलम ६८ वर, म्हणजे अज्ञानाला पुरवलेल्या आवश्यक वस्तूंचे पैसे वसूल करायच्या कलमावर, रण पेटलं. वडापाव आवश्यक, कोल्ड्रिंक आवश्यक नाही, आणि वसुली झालीच तर भावाच्या मालमत्तेतून, त्याला जातीने जबाबदार धरून नाही, इथपर्यंत वर्ग आपापला पोहोचला. तो प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, सरांच्या नोट्समध्येही नव्हता. त्या मुलाला तो सुचला म्हणून साठ जणांना ते कलम कळलं. व्हिडिओ तुला उत्तरं देतो, आणि ती बहुतेक बरोबर असतात; पण शेजारच्याचा वेडगळ प्रश्न तिथे ऐकू येत नाही. शिवाय तुझाच एखादा प्रश्न राहून गेला, तर तो राहिला आहे हेसुद्धा तिथे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता अर्थशास्त्राची बाई आहे तर एक संशोधनही सांगतेच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डेव्हिड रोमर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने तिथल्या तीन नामांकित शिक्षणसंस्थांच्या वर्गांत डोकी मोजली. साधारण एक तृतीयांश मुलं गायब होती. तेव्हा हे खूळ फक्त आपल्याकडचं आहे अशी समजूत नको. बसणाऱ्यांना मार्क जास्त पडत होते, पण वर्गात येणारी मुलं मुळातच जास्त झटणारी असतील, तेव्हा सगळं श्रेय हजेरीला देता येणार नाही, हेही त्याने मान्य केलं. पुढे २०१० मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलेला एक मोठा आढावा आला. कॉलेजातल्या गुणांचा अंदाज बांधायला शाळेतले मार्क किंवा प्रवेश परीक्षेचे गुण यांपेक्षा वर्गातली हजेरी जास्त उपयोगी पडते, असं त्यात निघालं. मात्र त्याच आढाव्यात दुसरीही गोष्ट आहे, जी समितीवाल्यांना आवडत नाही: हजेरी सक्तीची केल्याने गुण वाढतात ते थोडेच.

म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं तुझ्या बाजूने आहे. ७५ हा आकडा काही वेदातून आलेला नाही. मला विचारशील तर एफवायला नियम कडक असावा आणि टीवायला सैल. पहिल्या वर्षी सवय लागते किंवा मोडते, तिसऱ्या वर्षी मुलाला आपलं बरंवाईट कळायला लागलेलं असतं. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात इथल्याच सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, आणि दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसत. हजेरीपट ज्यांना बोलावू शकत नव्हता, ती पोरं! शिकवणं तसं असेल तर नियम लागत नाही, हे खरंच आहे. पण सगळे तास तसे असतील असं वचन कुठलंच कॉलेज देऊ शकत नाही, आणि तोवर आपण अडाणी राहायचं का, हा प्रश्न उरतो.

पीपीटी वाचणाऱ्या सरांची मी वकिली करणार नाही. मी स्वतः एका टप्प्यावर सहा वर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स घेऊन वर्गात जात होते. एका मुलीने तिच्या मोठ्या बहिणीची वही आणून दाखवली, तिच्यात माझा विनोदसुद्धा त्याच जागी होता, तेव्हा लाजेने सुधारले. पण एक गोष्ट माहीत असू दे. आज बऱ्याच कॉलेजांत कायमच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवणारे लोक वर्ग चालवतात. तुझे सर कदाचित ७.१० चा तास संपवून दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायला तुझ्यासारखेच लोकलच्या दारात उभे राहत असतील. त्यांनी वाईट शिकवावं असं नाही. पण अशा माणसाला तास संपल्यावर दारात गाठून “सर, हे एक कळलं नाही” म्हटलं, की पीपीटीमागचा माणूस बाहेर येतो. हे मी फार वेळा पाहिलं आहे. वर्गासमोर हात वर करायची गरज नाही. दारात, मराठीत विचार. सरांना मराठी येत नसेल तर मोडक्या हिंदीत.

आता करायचं काय. सगळे विषय एकदम धरू नकोस. उरलेली ८० लेक्चर बसायचीच आहेत, पण जीव लावून ऐकायचा विषय आधी एकच, आणि तोही ज्यात केटी आहे तो. त्याचा व्हिडिओ लेक्चरच्या आदल्या संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये बघ, नंतर नको. मग वर्गात सर बोलतील ते दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं होतं आणि इंग्रजीची भीती कमी होते. यूट्यूब सोडायची गरज नाही, फक्त त्याची पाळी बदल. बस तिसऱ्या-चौथ्या बाकावर. शेवटच्या बाकावर बसलास तर मस्टरवर सही होईल, बाकी तू कट्ट्यावरच असशील. आणि एका माणसाचं नाव माहीत करून घे, एकाच. “कालच्या नोट्स देतोस?” हे मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजात ओळखीला पुरेसं वाक्य आहे. अंबरनाथ-बदलापूरकडून येणारं कोणी ना कोणी वर्गात असणारच; परतीच्या गाडीचा विषय काढ, उरलेलं आपोआप होतं.

घरी सांगणं हे सगळ्यात अवघड, आणि ते पालकसभेच्या आधी व्हायला हवं. आईच्या डब्यावरून तुला ओशाळं करायचा माझा इरादा नाही. ते काम तू पत्रात स्वतःच केलं आहेस, नाहीतर डब्याचा उल्लेख आला नसता. वडिलांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळणं आणि आदल्या रात्री तुझ्या तोंडून कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सांगताना आकडे घेऊन बस: इतकी झाली, इतकी बुडवली, इतकी उरलीत, त्या सगळ्यांना बसणार आहे. ओरडतील. ओरडू दे. मग त्यांच्याबरोबर जाऊन समितीला एक साधा अर्ज दे. आजाराचं नाव नको. वर्गात इंग्रजी झेपत नव्हतं म्हणून टाळत गेलो, हेच जर खरं असेल तर तेच लिही. सहा वर्षांत असा अर्ज मी दोनदाच वाचला, आणि दोन्ही वेळा आम्ही त्या मुलांना एकेक शिक्षक जोडून दिला. तुझं कॉलेज तसंच करेल अशी हमी मी देत नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. ज्यांना घर चालवायला दिवसा कामावर जावं लागतं, त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना हजेरीवर व्याख्यान देणं हा उद्धटपणा होईल. अशांनी नियमित कॉलेजात नाव घालून वर्षभर यादीला घाबरत बसू नये. मुंबईत रात्र महाविद्यालयं आहेत, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र १९७१ पासून आहे, ज्याला सगळे अजूनही ‘आयडॉल’च म्हणतात, आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठही आहे. आयएनटीच्या, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरच्या, एकांकिकेच्या तालमीत, एनएसएसच्या शिबिरात किंवा मैदानावर तास बुडतात त्यांनी प्रभारी शिक्षकांचं पत्र त्या-त्या आठवड्यातच द्यावं, मार्चमध्ये शोधत फिरू नये. आणि एफवायला नुकतेच आलेल्यांनी पहिल्याच दिवशी हिशोब करून ठेवावा: चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तास, त्यातले फार तर पंधरा तुमच्या हातात. जुलैत रुळांवर पाणी येणार, ऑगस्टमध्ये ताप येणार, गणपतीला कोकणात जाणारे चार दिवस जास्तच राहणार. ते पंधरा तास त्यासाठी आहेत, ऊन छान पडलंय म्हणून उधळायला नाहीत.

एक गंमत सांगायची राहिली. तुझ्या ‘केटी’चं मूळ आहे एटीकेटी, अलाउड टू कीप टर्म्स. राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्षाची टर्म भरायची परवानगी. टर्म भरणं म्हणजे काय, तर जुन्या भाषेत सरळ हजर राहणं. आम्ही सगळे तो शब्द नापास या अर्थाने वापरतो आणि त्यातली परवानगी विसरून जातो.

तुझ्या टाइमटेबलप्रमाणे सोमवारी पहिला तास बिझनेस लॉ आहे. दादरला उतरल्यावर पाय सवयीने पार्काकडे वळतील, म्हणून रविवारी रात्रीच त्या ओळखीच्या एकाला मेसेज टाकून ठेव, की उद्या येतोय, जागा धर. नंबर नसेल तर वर्गाच्या ग्रुपवर कोणाचाही घे. ग्रुपमधून तर तू बाहेर पडला नसशील. गाडी लेट झाली आणि सव्वासात-वीस झाले तरी दार ढकल. सर थांबतील, सगळे वळून बघतील, ते पाच सेकंद वाईट जातील. मग कोणीतरी बॅग बाजूला घेईल आणि सर पुढची स्लाइड लावतील.